गोळीचे पहिले सहा आठवडे: चेतापेशींची वाढ लक्षात घेऊन मनाच्या आजाराचे औषध कसे घ्यावे

नैराश्याची किंवा चिंतेची गोळी सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले, की रुग्णाच्या घरचे माणूस मेडिकलमध्ये येऊन हमखास एकच तक्रार करते: गोळीने मळमळते, डोके दुखते, झोप मोडते, पण मनाला काडीचाही फरक नाही. जळगाव असो, शिरपूर असो की नंदुरबारकडचे एखादे बाजाराचे गाव असो, तक्रारीचे शब्दसुद्धा फारसे बदलत नाहीत, आणि तक्रार खरी असते. या औषधांचे दुष्परिणाम आधी येतात व गुण मागाहून येतो, हे चिठ्ठी लिहिताना सांगायला डॉक्टरांना अनेकदा सवड मिळत नाही. त्यामुळे उरलेली स्ट्रिप मसाल्याच्या डब्यामागे पडून राहते आणि आजार मात्र वाढत जातो. ज्यांना डॉक्टरांनी असे औषध लिहून दिले आहे त्यांच्यासाठी आणि विशेषतः त्यांच्या घरच्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. कोणते औषध घ्यावे आणि किती पॉवरचे घ्यावे, हे ठरवण्यासाठी ते नाही.

फरक उशिरा का पडतो

मेंदूतील एक चेतापेशी दुसऱ्या पेशीला निरोप देताना दोघींच्या मधल्या अतिसूक्ष्म फटीत एक रसायन सोडते. अशा रसायनांना न्यूरोट्रान्समीटर म्हणतात, आणि सेरोटोनिन, डोपामिन, गाबा व ग्लुटामेट ही त्यांतील परिचित नावे आहेत. निरोप पोहोचल्यावर सोडणारी पेशी उरलेले सेरोटोनिन परत आत ओढून घेते. फ्लुऑक्सेटिन, एसिटालोप्राम, सर्ट्रालिन ही औषधे ही ओढ अडवतात, आणि तेही पहिल्या गोळीनंतर काही तासांतच. मन केवळ सेरोटोनिनच्या मात्रेवर चालत असते, तर सकाळी घेतलेल्या गोळीने संध्याकाळी माणूस हसायला हवा होता. तसे होत नाही, म्हणूनच ‘मेंदूत सेरोटोनिन कमी झाले, गोळीने ते भरून काढले’ हे जे सोपे स्पष्टीकरण वर्षानुवर्षे दिले गेले ते अपुरे आहे. सेरोटोनिनच्या कमतरतेमुळेच नैराश्य येते याला सातत्यपूर्ण पुरावा मिळत नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यातही नोंदवले गेले. गोळी निरुपयोगी आहे असा मात्र त्याचा अर्थ काढू नये, कारण औषध लागू पडते की नाही आणि ते कशामुळे लागू पडते हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मग आठवडे कशात जातात? काही वेळ सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींना स्वतःवरचा लगाम सैल करण्यात जातो, आणि काही वेळ वाढीत जातो. वाढ म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे नव्या पेशींचा जन्म येतो. जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी १९६५ मध्ये प्रौढ उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या भागात, म्हणजे स्मरण आणि भावनांशी संबंध असलेल्या पट्ट्यात, नव्या चेतापेशी तयार होतात असे दाखवले, तेव्हा त्याकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. पुढे २००० मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात रोनाल्ड ड्युमन यांच्या गटाने उंदरांना नैराश्यावरील वेगवेगळ्या जातींची औषधे दिली. काही आठवड्यांनी नव्या पेशींची संख्या वाढलेली आढळली, हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरील औषधाने मात्र ती वाढली नाही. कोलंबिया विद्यापीठातील रेने हेन यांच्या गटाने २००३ मध्ये याच्या पुढची पायरी गाठली. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसवर क्ष-किरण सोडून नव्या पेशींचा जन्मच थांबवला, तेव्हा त्यांच्या भीतीवर औषधाचा होणारा परिणामही नाहीसा झाला. उंदरात नवी पेशी जन्मून जुन्या जाळ्यात कामाला लागायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि गोळीचा गुण दिसायलाही जवळपास तेवढाच काळ लागतो, त्यामुळे ही कल्पना चटकन रुजली.

माणसाच्या बाबतीत मात्र इतक्या ठामपणे बोलता येत नाही. पेशी ओळखण्यासाठी विशिष्ट खुणेचे रसायन दिलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासून १९९८ मध्ये प्रौढ माणसातही नव्या चेतापेशी आढळल्याचे जाहीर झाले. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ चा उपयोग करून स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये असा अंदाज बांधला की प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या पेशींची भर पडते. त्यानंतर २०१८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन शोधनिबंध आले. एकाने सांगितले की बालपणानंतर हा जन्म जवळजवळ थांबतो, आणि दुसऱ्याने सांगितले की तो म्हातारपणापर्यंत चालू राहतो. वाद अजून मिटलेला नाही. म्हणून ‘या गोळीने मेंदूत नव्या पेशी उगवतात’ असे रुग्णाला सांगणे मला योग्य वाटत नाही.

सांगण्याजोगी गोष्ट दुसरी आहे आणि ती अधिक भक्कम आहे. दीर्घ ताणाखाली ठेवलेल्या प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील जुन्याच पेशींच्या फांद्या आखूड होतात व जोडण्या विरळ होतात, आणि नैराश्यावरील औषधांनी ही झीज बऱ्याच अंशी भरून येते. या दुरुस्तीत बीडीएनएफ नावाचे एक प्रथिन मध्यवर्ती आहे. ते १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून प्रथम वेगळे करण्यात आले, आणि पेशी जगवणे, फांद्या वाढवणे, जोडण्या घट्ट करणे ही त्याची कामे आहेत. हेलसिंकी येथील एरो कास्ट्रेन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले की नैराश्यावरील औषधे या प्रथिनाच्या ग्राहकाला, म्हणजे पेशीवर ते प्रथिन जिथे बसते त्या जागेला, थेट चिकटतात आणि प्रथिनाचा परिणाम वाढवतात. हे खरे असेल, तर सेरोटोनिन ही गोळीची एकमेव वाट उरत नाही. कपाशीला पाणी दिले म्हणून दुसऱ्या दिवशी बोंड फुटत नाही, एवढे समजणाऱ्या घराला पहिल्या सहा आठवड्यांचा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सुरुवात करताना

पहिली गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात, कारण त्या विचारल्या जातीलच असे नाही. पूर्वी कधी अनेक दिवस झोपेची गरजच न वाटता अंगात उधाण येणे, वारेमाप खर्च करणे, अखंड बडबड करणे असे घडले असेल तर ते सांगावे, कारण अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिल्यास ते उधाण परत येऊ शकते. दारू किती व कधी घेतली जाते हे खरे सांगावे. बीपी, सांधेदुखी, फिट, मायग्रेन यांची चालू असलेली औषधे नावे सांगून नव्हे, तर स्ट्रिपा समोर ठेवून दाखवाव्यात.

मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी. ही मळमळ बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. झोप उडवणारी गोळी सकाळी आणि गुंगी आणणारी रात्री, असा बदल डॉक्टरांना विचारून करता येतो. मुख्य म्हणजे वेळ रोज एकच ठेवावी. देवपूजेनंतर किंवा सकाळच्या चहाबरोबर अशी ती बांधून टाकली, की विसर पडत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत एका गोष्टीकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. काही जणांत, विशेषतः २५ वर्षांखालील तरुणांत, सुरुवातीला बेचैनी वाढते आणि क्वचित जीव देण्याचे विचार डोके वर काढतात. अंगातली ताकद आधी परत येते आणि मनाची उभारी मागाहून येते, त्यामुळे हा मधला काळ नाजूक असतो. शेतकऱ्याच्या घरात या दिवसांत फवारणीची औषधे कुलुपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. तसा विचार रुग्णाने बोलून दाखवला, तर तो हसण्यावारी न नेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक दिवस-रात्र चालतो.

वहीत काय लिहावे

वाढ हळूहळू होते, म्हणून ती रोजच्या रोज जाणवत नाही, आणि रुग्णाला तर सर्वांत शेवटी जाणवते. यासाठी शाळेची एक साधी वही पुरेशी आहे. त्यात ‘आज बरे वाटले का’ असा प्रश्न लिहू नये, कारण त्याचे उत्तर पहिले महिनाभर ‘नाही’ असेच येणार आणि वहीच हिरमोड करील. त्याऐवजी दिसणाऱ्या गोष्टी लिहाव्यात: रात्री किती वाजता डोळा लागला, पहाटे किती वाजता जाग आली, भाकरी एक खाल्ली की दोन, अंघोळ सांगावी लागली की आपणहून झाली, फोन उचलला की वाजू दिला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातील पान पहिल्या पानाशेजारी ठेवले, की पहाटे तीनची जाग साडेचारवर गेली आहे, शेवभाजी तिखट झाल्याची तक्रार पुन्हा सुरू झाली आहे, असे बदल नजरेस येतात. चवीची तक्रार करणे हेसुद्धा सुधारणेचे लक्षण आहे, हे घरच्यांना सांगितले तर ते प्रथम चकित होतात.

चार आठवड्यांनंतर वहीत तिळमात्र फरक दिसत नसेल, तर ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जावे. त्या वेळी मात्रा वाढवायची की औषध बदलायचे हा निर्णय घेणे सोपे जाते. योग्य मात्रेत ६ ते ८ आठवडे घेऊनही उपयोग न झाल्यास ते औषध त्या माणसासाठी नाही असे समजायला हरकत नसते, आणि त्यात रुग्णाचा दोष नसतो.

इथे केळ्याविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे, कारण रावेर-यावलच्या पट्ट्यात हा सल्ला वारंवार ऐकू येतो. केळ्यात सेरोटोनिन असते ही गोष्ट खरी आहे. परंतु पोटात गेलेले सेरोटोनिन रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडू शकत नाही, त्यामुळे डझनभर केळी खाऊनही मेंदूतील सेरोटोनिन त्याने वाढत नाही. भूक मेलेल्या माणसाला पोटभरीसाठी केळे उत्तमच आहे, पण ते गोळीच्या जागी देऊ नये.

गोळीबरोबर काय करावे

या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग डोळ्यांवरचा आहे. लहानपणी एक डोळा झाकलेला राहिला तर त्या डोळ्याची नजर मंद राहते, आणि मोठेपणी ती सुधारत नाही. अशा प्रौढ उंदरांना फ्लुऑक्सेटिन दिल्यावर मेंदूच्या दृष्टीच्या भागाची लवचिकता परत आली, असे २००८ मध्ये दिसून आले. तरीही नजर सुधारण्यासाठी चांगला डोळा झाकून मंद डोळ्याला काम लावावे लागले. औषधाने वाढीला वाव दिला, पण ती वाढ कोणत्या दिशेने व्हायची ते वापराने ठरले. माणसाच्या नैराश्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, पण पलंगावर पडून छताकडे पाहत घेतलेली गोळी आणि चालत-बोलत घेतलेली गोळी यांत फरक पडत असावा, असे मानायला तो सबळ आधार देतो.

याची दुसरी बाजूही लपवू नये. पक्षाघातानंतर फ्लुऑक्सेटिन दिल्यास हातापायातली शक्ती लवकर येते, असे फ्रान्समधील एका छोट्या चाचणीत २०११ मध्ये दिसले आणि जगभर आशा निर्माण झाली. परंतु ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीने २०१८ मध्ये दाखवले की रोजच्या कामकाजात त्याने काही फायदा होत नाही, उलट हाडे मोडण्याचे प्रमाण थोडे वाढते. नैराश्य नसताना ‘मेंदू वाढावा’ म्हणून ही गोळी कोणी सुचवली, तर ही चाचणी आठवावी.

चालण्याच्या बाबतीत पुरावा अधिक आश्वासक आहे. अमेरिकेत १२० वयस्क व्यक्तींवर वर्षभर केलेल्या अभ्यासात नियमित चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे २ टक्के वाढल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणून चालणे सूर्य वर येण्याआधीच आटोपावे. बाईमाणूस रुग्ण असेल तर घरकाम हेच चालणे असे म्हणून तिला घरात अडकवू नये. अर्धा तास घराबाहेर पडणे आणि शेजारणीशी चार शब्द बोलणे हे तिच्या उपचाराचाच भाग समजावे.

सगळी औषधे सारखी नाहीत

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या गाबाचा परिणाम वाढवतात आणि तासाभरात शांत करतात, म्हणून लोकांना त्याच खऱ्या औषधासारख्या वाटतात. त्याच गटातले डायझेपाम फ्लुऑक्सेटिनबरोबर दिले तेव्हा उंदरांत नव्या पेशींवर होणारा चांगला परिणाम दिसेनासा झाला, असे २००९ मध्ये आढळले. सुरुवातीच्या बेचैनीसाठी डॉक्टरांनी दोन-तीन आठवडे अशी गोळी लिहिली असेल, तर ती तेवढ्याच मुदतीत घ्यावी आणि जुनी चिठ्ठी दाखवून पुढे चालू ठेवू नये. महिनोन्महिने घेतली गेली असेल तर मात्र ती एकदम तोडणेही धोक्याचे असते, फिट येऊ शकते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू उतरवावी. दारूचीही गाठ गाबा आणि ग्लुटामेट यांच्याशीच आहे, आणि प्राण्यांमध्ये ती नव्या पेशींचा जन्म रोखते. मोहाच्या फुलांची असो की दुकानातली, गोळी चालू असताना दारू घेऊ नये.

लिथियमविषयी खानदेशात वेगळे सावध राहावे लागते. उन्मादावर, म्हणजे वर सांगितलेल्या अंगात येणाऱ्या उधाणावर, त्याचा उपयोग जॉन केड यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातून जगापुढे मांडला. लिथियम उंदरांत नव्या पेशी वाढवते आणि रुग्णांच्या मेंदूच्या चित्रणात करड्या भागाचा आकार वाढलेला दिसतो, असे २००० साली प्रसिद्ध झाले, अर्थात चित्रातला आकार म्हणजे पेशींची मोजदाद नव्हे. पण उपयोगाची आणि विषबाधेची पातळी या औषधात अगदी जवळजवळ असते, आणि घामाने अंगातले पाणी व मीठ गेले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते. चैत्रात सप्तशृंगी गडाची पायी वारी, वैशाखातले शेतकाम, निर्जळी उपवास, जुलाब, यांतली प्रत्येक गोष्ट पातळी वाढवू शकते. त्यात अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले की धोका आणखी वाढतो. वारीला निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, पाणी भरपूर प्यावे, जेवणातले मीठ एकाएकी तोडू नये. हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, जीभ जड होणे, तोल जाणे यांपैकी काहीही दिसल्यास पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालय गाठावे. पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी द्यायचे असते, म्हणून तपासणीच्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यावी.

डोपामिन अडवणाऱ्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या औषधांबद्दल मोबाईलवर भीती पसरवली जाते की त्यांनी मेंदू सुकतो. याला आधार आहे तो माकडांवरील एका प्रयोगाचा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दीड-दोन वर्षे औषध दिल्यावर मेंदू ८ ते ११ टक्क्यांनी लहान आढळला, पण पुढच्या तपासणीत मुख्य घट चेतापेशींत नव्हे तर त्यांच्या आधारपेशींत दिसली. यावरून कमीत कमी उपयोगी मात्रा ठेवण्याचा आग्रह डॉक्टरांकडे जरूर धरावा. औषध आपल्या मनाने बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका मात्र नक्की आहे.

वाढत्या मेंदूचा विचार करताना गर्भाला विसरता येत नाही. व्हॅल्प्रोएट हे फिट व उन्मादावरचे औषध गर्भाच्या मणक्यावर आणि पुढे मुलाच्या बुद्धीवर परिणाम करू शकते, म्हणून लग्न ठरलेल्या किंवा मूल हवे असलेल्या मुलीने ते बदलण्याविषयी आधीच बोलावे. दिवस गेल्याचे कळल्यावर घाबरून एकदम बंद करू नये, त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा.

बंद करताना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी येते आणि गोळ्या सासरीच राहतात, किंवा सासरच्यांपासून लपवून ठेवल्यामुळे चार दिवस खंड पडतो, हे नेहमीचे आहे. खंड पडला की दोन-तीन दिवसांत चक्कर येणे, डोक्यात वीज चमकल्यासारखे होणे, चिडचिड, विचित्र स्वप्ने सुरू होतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांच्या बाबतीत हा त्रास अधिक असतो, तर फ्लुऑक्सेटिन शरीरात बराच काळ टिकत असल्याने कमी असतो. हा त्रास म्हणजे आजार परत येणे नव्हे आणि व्यसन लागणेही नव्हे, पण तो तसा समजला जातो. प्रवासाच्या पिशवीत आठवड्याच्या जास्तीच्या गोळ्या आणि चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये असला, की ही वेळ येत नाही.

पहिल्याच वेळचे नैराश्य असेल तर पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही सर्वसाधारणपणे ६ ते ९ महिने औषध चालू ठेवतात, आणि वारंवार येणारे असेल तर त्याहून अधिक. बंद करण्यासाठी कापसाच्या वेचणीची घाई, घरातले लग्न, परीक्षा असा ताणाचा काळ निवडू नये. मात्रा पायरीपायरीने, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरवली जाते, आणि शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवाव्या लागतात. या काळात वही पुन्हा सुरू करावी, आणि पहाटेची जाग सलग दोन आठवडे पुन्हा लवकर येताना दिसली तर डॉक्टरांना कळवावे. शेवटची चिठ्ठी आणि रिकामी स्ट्रिप त्याच वहीत ठेवून द्यावी, म्हणजे पुढे गरज पडल्यास कोणते औषध किती मात्रेत व किती आठवड्यांनी लागू पडले होते हे नव्या डॉक्टरांना दाखवता येते.